एर्सिलियानं खिडकी मागितली

आमच्या रोव्हारेल्लात घरांना जितक्या खिडक्या दिसतात, तितक्या असत नाहीत. अर्ध्या खऱ्या, अर्ध्या रंगवलेल्या. दगडी चौकट, हिरव्या झडपा, आतला पडदा, काठावरची तुळशीसारखी बासिलची कुंडी, एका घरावर तर चक्क आळस देणारं मांजर, सगळं रंगाचं. जवळ जाऊन हात लावला की हाताला नुसती भिंत लागते. मिलान-तुरीनचे पाहुणे हात लावून बघतात आणि लहान पोरांसारखे हसतात. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नाही.

असं का, याचे तीन-चार किस्से गावात आहेत. कुणी म्हणतं, जुन्या राजानं खिडक्यांवर कर बसवला होता. कुणी म्हणतं, समुद्राचा वारा हाडात शिरायचा म्हणून आजोबांनी खिडक्या चिणल्या. कुणी दोन भावांचं भांडण सांगतं. माझं मत विचाराल तर आमच्या पूर्वजांना खिडकी परवडत नव्हती आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. लिगुरियाचा माणूस उपाशी झोपेल, पण दर्शनी भिंत रंगवल्याशिवाय राहणार नाही.

तर अशाच एका रंगवलेल्या खिडकीत एर्सिलिया बसलेली होती. समुद्रासमोरच्या रांगेत, गुलाबी घराच्या चौथ्या मजल्यावर. निळी चोळी, दोन्ही कोपरं काठावर टेकलेली, एक हात डोळ्यांवर धरून ती समुद्राकडं बघतेय. स्टेशनावर उतरलात की गावाच्या जाहिरातीच्या फलकावरही तीच. खाली कॉफीच्या दुकानात तिच्या चित्राचे कप. होडीतून फिरायला जाणारे पाहुणे तिला हात करायचे.

आणि खरी एर्सिलिया त्याच भिंतीच्या मागं, त्याच खोलीत, भिंतीकडं तोंड करून शेंगा सोलत बसायची.

ती मूळची वरच्या डोंगरातली, चेस्टनटच्या जंगलातली. कोवळ्या वयात खाली आली ती हॉटेल आउरोरात खोल्या झाडायला. तेव्हा गाव अजून पुरतं पाहुण्यांचं झालं नव्हतं. त्याआधी आम्ही दोर वळायचो आणि अँचोव्ही, म्हणजे ती बोटाएवढी चांदीसारखी मासळी, मिठात घालायचो. मग खोकल्याने बेजार झालेले इंग्रज हिवाळ्यात हवा खायला आले. ते थंडीत पाण्यात उतरायचे आणि आमच्या आज्या दारात उभ्या राहून पोट धरून हसायच्या. मागोमाग रेल्वे आली. हसणाऱ्या आज्यांच्या मुली इंग्रजांच्या चादरी धुवायला लागल्या. दोर वळायची लांबलचक जागा होती, तिथं फिरायचा रस्ता झाला. मासळी खारवायच्या पडव्या होत्या, तिथं कपडे बदलायच्या रंगीत खोल्या झाल्या. भूशिराच्या टोकावर चाच्यांवर नजर ठेवायचा बुरूज आहे, त्यात आता आइस्क्रीम मिळतं. समुद्रावरचे चाचे गेले आणि वाळूवर भाड्यानं छत्र्या लावणारे ठेकेदार आले, असं मी एकदा सभेत बोललो होतो. त्याचा राग कानेपा या छत्रीवाल्या घराण्याला अजून आहे. असू दे. मी परत बोलेन.

हॉटेलांतल्या कामगारांची संघटना मी बांधली. शाळा माझी लवकर सुटली. जे शिकलो ते भटारखान्यात भांडी घासताना आणि शिळी वर्तमानपत्रं वाचताना. माझ्या बापाला सरकार, चर्च आणि मालक तिन्ही नकोसे, म्हणून त्यानं माझं नाव लिबेरो ठेवलं. मोकळा. नावाला जागायचं म्हणजे भांडावंच लागतं.

एर्सिलियाची आणि माझी ओळख पहिल्या संपातली. ऐन ऑगस्ट. हॉटेल भरलेलं. मी गच्चीत उभा राहून मोठं भाषण ठोकत होतो. खोल्या झाडणाऱ्या बायका हाताची घडी घालून ऐकत होत्या. तेवढ्यात ती मागून म्हणाली, "लिबेरो, तुझं झालं की सांग. तोवर आम्ही काम करतो."

"काम? अगं संप आहे!"

"म्हणूनच."

आणि त्या सगळ्या वर गेल्या. समुद्राकडच्या प्रत्येक खोलीतली न धुतलेली चादर त्यांनी सज्जातून खाली सोडली. वाईनचे डाग, टोमॅटोचे डाग, आणि जे लिहिता येत नाहीत ते डाग. अख्ख्या किनाऱ्यानं पाहिलं. जेवणाच्या वेळेआधी मालक खाली आला आणि आमच्या मागण्या मान्य झाल्या. माझं भाषण अर्धंच राहिलं. मला थोडा राग आला होता, पण कुणाकडे बोलणार?

आउरोरात तिच्याकडं समुद्राकडच्या खोल्या होत्या. सकाळी झडपा उघडायच्या आणि लगेच पाठ फिरवून गादी उलटायची. "समुद्र माझ्या पाठीला चांगला ओळखतो," ती म्हणायची.

लग्न तिनं बाचीशी केलं. बाची म्हणजे घरांच्या दर्शनी भिंती रंगवणारा. दोराला फळी बांधून दिवसभर हवेत लटकायचा आणि नसलेल्या खिडक्या काढायचा. माणूस देवमाणूस, पण ऐकायचा अर्धंच. त्यांनी गुलाबी घरातली चौथ्या मजल्यावरची खोली घेतली. समुद्रासमोरच्या घरात त्यांना जागा परवडली, कारण त्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता. पुढची खिडकी कुण्या आजोबांनी चिणलेली. उजेड यायचा तो मागच्या बाजूनं, रेल्वेच्या भिंतीवरून.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं नवऱ्याला सांगितलं, "बाची, मला समुद्राकडं खिडकी पाहिजे."

बाची हसला, मान डोलावली, आणि आठवडाभर बाहेर दोराला लटकून काम करत राहिला. मग तिचे डोळे झाकून तिला खाली रस्त्यावर नेलं. वर बघ म्हणाला. तिनं वर पाहिलं. निळ्या चोळीतली ती स्वतःच समुद्राकडं बघत होती.

"मग तू काय म्हणालीस?" मी तिला कधीतरी विचारलं होतं.

"काय म्हणणार? त्याचा चेहरा बघायला हवा होतास. बाळंतिणीनं पोर दाखवावं तसा उभा होता. मी म्हटलं, छान आहे. आणि जिने चढून वर आले आणि भिंतीकडं बघत भाजी चिरली." मग म्हणाली, "मी खिडकी मागितली, यानं मला तिच्यात बसवली. ती बाहेर, मी आत. अख्खा संसार तिनं समुद्र पाहिला."

बाची गेला, ती कामावरून निवृत्त झाली, तोवर चाललं. संध्याकाळी खाली उतरायची, धक्क्यावर बाकावर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायची. मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. चार मजले चढउतार कराल तर एक दिवस मधेच अडकाल. तिला मूलबाळ नाही. भाकरी, औषध आम्ही शेजारीपाजारी वर पोचवत होतो. पण माणसाला नुसती भाकरी पुरत नाही. गावात जन्म काढलेली बाई आता चार भिंतींत बसणार, आणि तिच्यात आणि समुद्रात हातभर जाडीची वीट.

"लिबेरो," ती म्हणाली, "मला ती खिडकी उघडून हवी. मरायच्या आधी. आणि मरायची मला घाई नाही, म्हणून लवकर."

"चित्र जाईल मावशी."

"ठाऊक आहे."

"बाचीचं चित्र."

"बाचीची बायको मी आहे का तू?"

मी नगरपालिकेत गेलो. नगराध्यक्ष ओत्ताविओ कानेपा. किनाऱ्यावरच्या निम्म्या छत्र्या त्याच्या घरच्या. लहानपणी आम्ही एकाच खडकावरून पाण्यात उड्या मारायचो. मोठेपणी त्याच खडकापाशी जायला त्याच्या काकानं पैसे लावले आणि मी ते फाटक उपटून समुद्रात टाकलं. असो.

"कोणती खिडकी?" ओत्ताविओ म्हणाला, जणू त्याला माहीतच नाही.

"निळ्या चोळीची."

"वेडा झालास? ती खिडकी म्हणजे गाव आहे! स्टेशनावर कोण आहे? कपांवर कोण आहे? लोक तुझं तोंड बघायला येतात का रोव्हारेल्लात?"

"लोक एका बाईचं चित्र बघतात आणि बाई मागं अंधारात बसते. हे तुला बरं दिसतं?"

"तिला म्हणावं खाली राहायला ये. तळमजल्यावर खोली बघून देतो."

"तळमजल्यावरून काय दिसतं? तुझ्या छत्र्या दिसतात!"

"लिबेरो, ओरडू नकोस. विचार करून सांगतो."

असं तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी टेबलावर मूठ आपटली, शाईची दौत त्याच्या पांढऱ्या विजारीवर गेली, आणि शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. शिपाई माझ्याच संघटनेचा. जिन्यात हळूच म्हणाला, "दौत बरोबर बसली, दादा." पण खिडकीचं काम तिथंच अडलं. मी पत्रकं वाटली. पाच-सहा जणांनी घेतली. खुद्द कोळीसुद्धा माझ्या बाजूनं नव्हते. जेरोमिन, आमच्या मासेमारी होड्यांचा म्होरक्या, जाळं विणता विणता म्हणाला, "राहू दे ना रे चित्र. भूशिराला वळसा घालून आलो की ती दिसते. बरं वाटतं."

"आणि खरी?"

"खरी शिव्या देते."

हे सांगायला मी वर गेलो, तेव्हा एर्सिलिया चिडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "सान्ता जूस्ताच्या दिवशी मला खाली न्या. खुर्चीत बसवून. पुढच्या वर्षी तुमच्या कमरेत तेवढा दम असेल नसेल."

सान्ता जूस्ता आमच्या दर्याची राखणकर्ती. जूनअखेरीला तिची मूर्ती होडीत बसवून मिरवणूक निघते. उन्हं कलली की होडी समुद्रासमोरच्या घरांच्या रांगेला लागून हळू जाते. पुढं फादर उभे. प्रत्येक खिडकीसमोर होडी थांबते, फादर पाणी शिंपडतात आणि मोठ्यानं म्हणतात, "या खिडकीत उजेड असो." खिडकीतली बाई रुमाल हलवते. त्या संध्याकाळी तिथं दिवा ठेवायचाच. उजेडाचा आशीर्वाद मिळालेली खिडकी अंधारी राहिली तर ती एक होडी मागते, म्हणजे बुडवतेच, असं आमचे कोळी मानतात. माझा बाप हसायचा यावर. मीही हसतो. पण होडीत बसून कधी हसलो नाही.

म्हातारे फादर गावातलेच होते. कुठली खिडकी खरी, कुठली रंगाची, त्यांना झोपेत माहीत. पण ते गेल्या थंडीत वारले आणि फादर साव्हेरिओ आले. डोंगरापलीकडच्या, भाताच्या शेतांच्या सपाट मुलखातला माणूस. मनानं निर्मळ, गालांवर लाली, आणि होडीत पाय ठेवल्याबरोबर चेहरा हिरवा.

मी आणि जेरोमिनच्या भावानं एर्सिलियाला खुर्चीसकट चार मजले खाली आणलं. वाटेत प्रत्येक वळणावर ती आम्हाला सूचना देत होती. "डावीकडं घ्या. माझी डावी, तुझी नव्हे! गाढवा, मी पियानो नाही, बोलते मी." धक्क्यावर तिला पुढं बसवलं. तिनं केसांना तेल लावलं होतं, मानेभोवती चांगला रुमाल बांधला होता.

होडी निघाली. जेरोमिन वल्ह्यावर. फादर एका हातानं मूर्तीच्या मखराचा खांब धरून, दुसऱ्या हातानं पाणी शिंपडत. दर खिडकीला त्यांचा आवाज थोडा बारीक होत होता. पिवळं घर झालं, लाल घर झालं. गुलाबी घरासमोर होडी आली. जेरोमिन वल्ही मारतच होता, कारण तिथं थांबायचं नसतं. पण फादरनी हात वर केला. थांबा. मान वर करून त्यांनी चौथ्या मजल्याकडं पाहिलं, पाणी शिंपडलं, आणि म्हणाले:

"या खिडकीत उजेड असो!"

रुमाल हलला नाही.

फादर थांबले. बाईला ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी छातीत हवा भरली. "बाई! निळ्या चोळीवाल्या बाई! तुमच्या खिडकीत उजेड असो!"

धक्क्यावर कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा किनारा फुटला. पाहुण्यांना काही कळेना, तेही हसायला लागले. फादर बावरून इकडं तिकडं बघतायत. तेव्हा एर्सिलियानं मानेचा रुमाल सोडला आणि खुर्चीतून हलवला.

"इथं, फादर! इथं! वर माझी धाकटी बसलीय, तिला कमी ऐकू येतं!"

मी पोट दुखेपर्यंत हसलो. फक्त एक माणूस हसत नव्हता. जेरोमिन. वल्ही हातात तशीच धरून तो वर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. त्याच्या मागच्या होडीतल्या कोळ्यांचंही हसू एकेक करत थांबलं. आशीर्वाद दिला गेला होता. दोनदा. आणि त्या खिडकीत दिवा ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी खटपट झाली. वरच्या छपरावरून दोरीला कंदील बांधून खाली सोडला. वाऱ्यानं तो चित्राच्या नाकावर दोन वेळा आपटला आणि तिसऱ्यांदा खाली कॉफीच्या दुकानाच्या मांडवात पडला. मग फादर साव्हेरिओंना विचारलं, आशीर्वाद मागं घेता येईल का? ते बिचारे अजून हिरवेच होते. म्हणाले, "तो काय हॉटेलची खोली आहे, नोंदणी रद्द करायला? दिला तो दिला." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "खरं सांगतो, मला वाटलं त्या माझ्यावर रागावल्यात, म्हणून बोलत नाहीत."

दुसऱ्या दिवशी होड्या निघाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ऐन अँचोव्हीचा मोसम. समुद्र तेलासारखा शांत, मासळी किनाऱ्याशी, आणि होड्या वाळूवर उलट्या. आउरोराच्या भटारखान्यात भरलेल्या अँचोव्ही नाहीत, बाजारात टोपल्या रिकाम्या. हॉटेलवाले ओत्ताविओच्या दारात.

ओत्ताविओ धक्क्यावर आला. नवी विजार होती.

"जेरोमिन, विसाव्या शतकात हे असलं? लोक चंद्रावर जाऊन आले!"

"त्यांना कुठल्या फादरनं आशीर्वाद दिला होता?"

"बरं, मग असं करू. दिवा रंगवून टाकू! खिडकी रंगाची, बाई रंगाची, दिवाही रंगाचा. हिशेब सरळ."

जेरोमिननं सुई जाळ्यात टोचून ठेवली. "चालेल. आणि मी तुला अँचोव्ही रंगवून आणतो. त्या तळून खा."

कोळी हसले, पण उठले नाहीत. ओत्ताविओनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर गप्प उभा होतो, आणि सांगतो, त्याचा त्याला जास्त त्रास झाला.

"खरा दिवा पाहिजे," जेरोमिन म्हणाला. "खऱ्या खिडकीत. आतल्या माणसानं लावलेला."

अशा रीतीनं नगराध्यक्ष ओत्ताविओ कानेपा घामाघूम होऊन चार मजले चढला. मागं जेरोमिन, फादर, मी, आणि हातोडा-छिन्नी घेतलेला गवंडी तेरेन्झिओ. एर्सिलिया टेबलाशी बसून शेंगा सोलत होती.

"या, ओत्ताविओ. बसा. पाणी घ्या. जिने जरा जास्त आहेत ना?"

"एर्सिलिया मावशी, गावावर प्रसंग आहे. तुमच्या भिंतीला एक छोटंसं भोक पाडायची परवानगी हवी होती."

"माझ्या भिंतीला?" तिनं डोळे मोठे केले. "अहो, पण ती खिडकी म्हणजे गाव आहे, असं म्हणे कुणीतरी म्हणालं होतं."

ओत्ताविओनं माझ्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं.

"छोटंसं, मावशी. दिव्यापुरतं. बाकी चित्र तसंच राहील."

"विचार करून सांगते," एर्सिलिया म्हणाली, आणि एक शेंग सोलली. मग दुसरी. मग तिसरी. खोलीत फक्त शेंगांचा आवाज. ओत्ताविओ रुमालानं मान पुसत बसला. शेवटी ती म्हणाली, "बरं. पाडा. गावासाठी."

तेरेन्झिओनं आतून भिंत ठोकून पाहिली. जुनी चौकट कुठं, वरचा दगड कुठं, आवाजावरनं कळतं. काठाच्या जरा वर त्यानं छिन्नी लावली. पहिली वीट हलली, मागं गेली आणि बाहेर पडली. खाली कुणीतरी "अरे!" म्हणून ओरडलं. त्या भोकातून उजेडाची एक पट्टी आत आली आणि समोरच्या कपाटावर पडली. त्या कपाटावर समुद्राचा उजेड तोवर कधी पडला नव्हता. आम्ही सगळे त्या पट्टीकडं बघत राहिलो. एर्सिलिया शेंगा सोलायची थांबली.

"झालं," ओत्ताविओ म्हणाला. "ठेवा दिवा."

एर्सिलियानं दिवा आणला. काचेचा, तेलाचा. भोकापाशी नेला. "जात नाही," ती म्हणाली.

तेरेन्झिओनं आणखी दोन विटा काढल्या. दिवा बसला.

"आता झालं."

"वात कोण वर करणार?" एर्सिलियानं विचारलं. "दिवा तिकडं पुढं ठेवायचा, तर माझा हात पोचायला हवा. हाताला कोपर असतं, ओत्ताविओ."

जेरोमिननं गंभीरपणे मान हलवली. "कोपर असतंच."

आणखी विटा गेल्या.

"कोपराला खांदा असतो," ती म्हणाली.

"मावशी!"

"वारा आला, दिवा विझला, तर मला बघायला नको? खांद्यावर डोकं असतं. निदान माझ्या तरी."

फादर साव्हेरिओंनी खोकल्यासारखं केलं, पण ते हसत होते. ओत्ताविओनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा जेरोमिनकडं, आणि खुर्चीत मागं टेकला. "कर रे बाबा, तेरेन्झिओ. कर. मला आता काही दिसत नाही, धूळ फार आहे."

तेरेन्झिओ ठोकत वर गेला. विटा, चुना, रंगाचे पापुद्रे. निळी चोळी गेली. मग तो थांबला. हातोडा खाली घेतला. अर्धी खिडकी झाली होती. मोकळी जागा साधारण गळ्यापर्यंत आली होती, चित्रातल्या बाईच्या.

"मावशी, इथवर पुरे होईल का? तुम्ही खुर्चीत बसलात तर एवढ्यातून दिसेल. वर चेहरा आहे. बाचीच्या हातचा."

एर्सिलियानं टेबलाचा आधार घेतला, उठली, भिंतीपाशी आली. विटांच्या आतल्या बाजूवर हात ठेवला. तिथून तिला चित्र दिसत नव्हतं. आतून ते कधीच दिसलं नव्हतं. धुळीची बोटं तिनं चोळून पाहिली.

"लिबेरो," ती हळू म्हणाली, "खाली जा आणि बघून मला सांग."

मी जिने उतरलो. रस्त्यावर निम्मं गाव जमलं होतं, पाहुणे, दुकानदार, विटा चुकवत उभे असलेले. वर पाहिलं. गुलाबी भिंतीत एक वेडंवाकडं भगदाड, त्याच्यावर बाचीनं रंगवलेला तो चेहरा, डोळ्यांवर हात धरलेला. आणि भगदाडात खालून डोकं काढून बघणारी खरी एर्सिलिया, केसांत चुन्याची पूड.

"चेहरा आहे का अजून?" ती वरून ओरडली.

"आहे!"

"कशी दिसते?"

एवढी भाषणं दिली जन्मात. शेवटी जे होतं ते ओरडलो.

"तरुण!"

तिनं बोटानं नाक पुसलं, त्यावर पांढरा पट्टा उमटला. मग तिनं मान आत वळवली आणि तिचा आवाज अख्ख्या किनाऱ्यावर ऐकू आला.

"तेरेन्झिओ! तिनं पुष्कळ पाहिलं. पाड."

संध्याकाळी खिडकीला झडपा नव्हत्या, चौकट नव्हती, कडा दातांसारख्या होत्या. पण दिवा लागला. एर्सिलियानं लावला. जेरोमिननं किनाऱ्यावरून टोपी काढली, आणि होड्या पाण्यात गेल्या. स्टेशनावरचा फलक बदलावा लागेल म्हणून ओत्ताविओ कुरकुरत घरी गेला. जाताना मला म्हणाला, "दौतीचं राहिलंय आपलं." मी म्हटलं, कधीही ये.

मी वर फोकाच्चा, म्हणजे आमची तेल लावलेली जाड रोटी, आणि वाईन घेऊन गेलो. ती खुर्ची पुढं ओढून बसली होती, ताट खिडकीच्या काठावर. अंधार पडत होता. दूर पाण्यावर होड्यांनी मासळी बोलवायचे दिवे लावले. एक, मग त्याच्या बाजूला आणखी एक, मग सगळी रांग.

"हे असं असतं?" ती म्हणाली.

"काय?"

"मी त्यांना निघताना पाहिलंय, येताना पाहिलंय. पण अंधार पडायच्या आत मी जिने चढून इथं मागं यायचे. तिथं जाऊन ते करतात काय, ते आज बघतेय."

तिनं फोकाच्चाचा तुकडा मोडला आणि पुढं वाकून बघत खाल्ला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हातानं मला गप्प केलं.

"लिबेरो, दिव्यासमोरून जरा बाजूला हो. मला दिसत नाहीये."